टेबलाचा नंबर कळव

वेंगुर्ले,
20 एप्रिल

चि. सौ. सायली हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सहज विचारलंस, ‘बाबा, क्रूझच्या बोटीच्या फॉर्ममध्ये जेवणाची वेळ आणि टेबल केवढं हवं ते विचारलंय, काय भरू?’ आणि मी ‘काहीही भर’ म्हणून फोन आईच्या हातात दिला. पंचवीस वर्षं बोटीवर डायनिंग रूममध्ये वेटरकी केलेल्या माणसाने असं उत्तर द्यायला नको होतं. रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहायला बसलो. फोनवर एवढं सलग बोलणं मला जमत नाही आणि तुझी आई मध्येच आंब्याच्या पेटीचं विचारते.

आधी वेळेचं. मी 1989 साली पहिल्यांदा जॉइन झालो तेव्हा दोनच प्रकार होते. पहिलं सीटिंग सहाच्या सुमारास, दुसरं साडेआठच्या सुमारास. सबंध सफर तुमचं टेबल तेच, खुर्च्या त्याच, वेटर तोच. मग 2000 साली नॉर्वेजियन क्रूझ लाइन कंपनीने ‘फ्रीस्टाइल’ काढलं, वाटेल तेव्हा या आणि वाटेल तिथे बसा, आणि हळूहळू बाकीच्यांनीही आपापल्या नावाने तसलंच सुरू केलं. जावईबापूंना तेच आवडेल, मोकळीक आहे म्हणून. पण तुमच्या चौघांसाठी मी ते घेणार नाही. तिथे रोज रांग, रोज नवं टेबल, रोज नवा वेटर. विहीणबाई शाकाहारी. अंडं चालत नाही, सूपमध्ये मासळीचं पाणी चालत नाही, हे सात रात्री सात जणांना समजावत बसावं लागेल. ठरलेल्या टेबलावर हे एकदाच सांगायचं. तिसऱ्या रात्री त्यांच्यासमोर बर्फ न घातलेलं पाणी आपोआप येईल. आणि पहिल्याच रात्री हेड वेटरला गाठून सांग की उद्यासाठी भारतीय शाकाहारी काहीतरी करा. आदल्या दिवशी सांगितलं तर बहुतेक ठिकाणी करतात. गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात, आपल्याकडचा एखादा कुक असतोच, त्यालाही तेवढाच बदल.

वेळ दुसरी घे. व्याहीबुवा साखरेचे पेशंट, त्यांना उशीर नको, म्हणून तू पहिलीच भरणार हे मला ठाऊक आहे. पण बघ, तुमची बोट रोज एका बंदरात. दिवसभर मार्सेय, नेपल्स फिरून पाच वाजता पाय ओढत परत यायचं आणि सहाला कपडे करून जेवायला बसायचं? शिवाय पहिल्या सीटिंगमध्ये वेटर घाईत असतो, हे मी स्वतःच्या पापावरून सांगतो. आठच्या आत टेबल रिकामं करून, कापड बदलून, काटे-चमचे पुन्हा मांडून ठेवायचे असतात. हळूहळू जेवणाऱ्या म्हाताऱ्यांच्या बशा मी गोड हसत उचललेल्या आहेत. दुसऱ्या सीटिंगच्या मागे कोणी उभं नसतं. व्याहीबुवांना साडेपाचला वरच्या डेकवरच्या बुफेत नेऊन एक सँडविच खायला घाला. गोळी कधी घ्यायची ते मात्र निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठेवा. बार्सिलोनाला मे अखेरीस सूर्य नऊनंतर मावळतो, म्हणजे तुमच्या ताटात मुख्य डिश येईल तेव्हा.

आता जागा. डायनिंग रूम बहुधा खालच्या डेकवर असते, आणि पुष्कळ बोटींवर अगदी मागच्या टोकाला. मागच्या काचेजवळची टेबलं सगळ्यांना हवी असतात. बोटीमागे पांढरा पट्टा लांबत जाताना दिसतो, आणि बार्सिलोनाहून मार्सेयकडे निघालेली बोट ईशान्येला तोंड करून जाते, त्यामुळे सूर्यास्त डाव्या अंगाला, किंचित मागे. पण त्या टेबलांच्या खाली बोट ढकलणारे पंखे असतात. बोट बंदरातून वळून निघते तेव्हा तिथले ग्लास एकमेकांना लागून किणकिणतात आणि टेबलावर कोपर ठेवलं तर दात वाजतात. विहीणबाईंना लाँचमध्येसुद्धा बोट लागते असं तूच सांगितलं होतंस. तेव्हा हॉलच्या पुढच्या बाजूला, बोटीच्या मध्याकडे सरकलेलं टेबल माग. मध्यावर आणि खाली हालचाल सगळ्यात कमी. सूर्यास्त जेवता जेवता उठून पाहता येतो.

लहानपणी आजीबरोबर मुंबईला बोटीने जायचो तेव्हाही हेच असे. पडावातून बोटीला लागायचं, शिडी चढायची, आणि आजी बाकी कशाकडे न बघता आधी चादर पसरायची. इंजिनाची धग नको, कठड्यावरचे तुषार नकोत आणि संडासाची वाट तर नकोच. तिला कोणी डेक प्लॅन, म्हणजे बोटीचा नकाशा, दाखवला नव्हता.

गॅलीच्या दाराजवळचं टेबल घेऊ नकोस. ते दार सतत उघडतं-मिटतं, आणि आत कोणी ट्रे पाडला की पहिला दचका तुम्हाला. साइड स्टँडला चिकटून असलेलं टेबलही नको, तिथे उष्ट्या बशांचा ढीग लागतो. चौघांचंच टेबल माग. आठाच्या टेबलावर अनोळखी माणसांबरोबर मजा येते, पण व्याहीबुवांना कमी ऐकू येतं. दोन रात्री ते हसून मान डोलावतील आणि तिसऱ्या रात्री ‘भूक नाही’ म्हणून केबिनमध्ये बसतील. असे पाहिलेत मी. टेबलाचा नंबर बहुधा तुमच्या कार्डावर असतो. चढल्यावर सामानाची वाट बघत बसू नका, आधी डायनिंग रूम बघून या. पसंत नसेल तर त्याच दुपारी मेतर-डीला, म्हणजे डायनिंग रूमच्या मुख्याला, भेटायचं. बदल करायचा तो पहिल्या जेवणाआधी. एकदा बसल्यावर उठलात तर वेटरला वाटतं आपलं काही चुकलं, आणि हेड वेटरही त्याला तेच विचारतो.

आता खुर्च्या. खरं म्हणजे याच्यासाठीच पत्र लिहितोय.

विहीणबाईंना जिथून खिडकी दिसेल तिथे बसव. बाहेर क्षितिज दिसत राहिलं की मळमळ कमी होते. वारा असला आणि वेटर टेबलक्लॉथवर पाणी शिंपडताना दिसला तर घाबरू नका, ओल्या कापडावर बशा घसरत नाहीत. व्याहीबुवांच्या पाठीला भिंत हवी, मागून गलका आला की त्यांना समोरचं काहीच कळणार नाही. राहिल्या दोन खुर्च्या. त्यातली एक वाटेकडची. वेटर तिच्याशेजारी येऊन उभा राहतो, मेन्यू आधी तिथे देतो, शंका तिथे विचारतो. तिथे बसलेलं माणूस त्या टेबलाचं तोंड होतं. त्या खुर्चीवर तू बसू नकोस.

माझ्या स्टेशनवर, म्हणजे माझ्या वाट्याच्या टेबलांवर, आपल्याकडची कुटुंबं कमी यायची, पण आली की सून कोणती हे मला कोणी सांगावं लागत नसे. जिचं सूप निवलेलं ती. सासऱ्यांना कोणता मासा ते समजावून सांग, सासूसाठी लोणचं माग, नवऱ्याचा स्टेक परत पाठव, पोराचा नॅपकिन उचल. बाकीच्यांची बशी उचलायला मी जायचो तेव्हा ती पहिला घास घेत असायची. मी दुसरं गरम सूप आणून ठेवायचो, तेही निवायचं. एकीला मी तीन वेळा आणून दिलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, ‘राहू दे हो दादा, सवय आहे.’ मला तेव्हा तू आठवलीस, तू सातवीत होतीस.

तर वाटेकडच्या खुर्चीवर जावईबापूंना बसव. त्यांचं इंग्रजी चांगलं आहे, बोलतात तर भरपूर. त्यांना बोलू दे. मी त्यांना वेगळं लिहिणार नाही, जावयाला असलं लिहायचं नसतं. तू हे पत्र टेबलावर उघडं ठेवलंस तर मला चालेल.

तू ‘तुम्ही आणि आई पण चला’ म्हणालीस आणि मी गुडघ्याचं कारण दिलं. गुडघा दुखतो हे खरं, पण ते कारण नव्हे. डायनिंग रूममध्ये आम्हाला बसायची मनाई. पंचवीस वर्षं मी ती खोली उभ्यानेच पाहिली. एकदा दुपारी, सगळं रिकामं असताना, बुटाची नाडी बांधायला एका खुर्चीवर टेकलो, तेवढ्यात हेड वेटर आला. त्याने लेखी वॉर्निंग दिली. त्या एका मिनिटात कळलं की बसल्यावर ती खोली केवढी मोठी दिसते. तुझ्याबरोबर आलो असतो तर बसलो असतो, पण हात कुठे ठेवायचे ते मला कळलं नसतं. समोरच्या पोराने बशी चुकीच्या बाजूने उचलली असती तर मी उठलो असतो.

तुमचा वेटर गोव्याचा किंवा आपल्या बाजूचा निघाला तर नवल नाही. त्याला पगार विचारू नका, ‘घरची आठवण येते का’ हे तर अजिबात विचारू नका, दिवसातून दहा जण विचारतात. नावाने हाक मारा, बस. टिपचं म्हणशील, तर आमच्या वेळी शेवटच्या रात्री पाकिटं मिळायची, आता बहुतेक बोटींवर माणशी रोजची ठरावीक रक्कम बिलात आपोआप लागते. तरी थोडे युरो वेगळे हातात ठेवा, त्याच्या मदतनिसालाही. बाप बोटीवर वेटर होता हे सांगायचं असेल तर शेवटच्या रात्री सांग. आधी सांगितलंस तर तो तुम्हाला न मागता दोन-दोन गोडं आणत राहील आणि शेजारचं टेबल ताटकळेल. मी हेच करायचो.

आईने कोकमं आणि आवळासुपारी पाठवली आहे, ती विहीणबाईंच्या हँडबॅगेत ठेव, मोठ्या बॅगेत नको.

तुमच्या बोटीचा डेक प्लॅन मी शेजारच्या पोराकडून छापून घेतलाय, भिंतीला लावलाय. टेबलाचा नंबर आला की कळव.

तुझे
बाबा