दारोदार पाव विकणाऱ्या पोदेराची विचारपूस करणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचे नाव कुठेही येऊ नये ही तुमची अट मी पाळतो आहे. आभार मानायचे नाहीत ही दुसरी अट मात्र मला मान्य नाही, म्हणून हे पत्र चारचौघांना वाचता येईल असे लिहीत आहे. निलंबन संपून मी पुन्हा कारखान्याच्या बसवर रुजू झालो, अडवलेला पगार खात्यात जमा झाला, आणि आता भेटणारा प्रत्येकजण मला सांगतो की सुटलास ना, मग झाले गेले विसरून जा. ज्यांनी त्या काळात तोंड फिरवले त्यांना मी विसरावे असे वाटणे साहजिक आहे. पण मी ते विसरलो तर त्याबरोबर तुमचे ऋणही विसरल्यासारखे होईल, आणि ते माझ्याने होणार नाही.

घडले ते तुम्हाला पाठ आहे. वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. पावसाळ्यातली पहाट होती. सत्तरी तालुक्यातले आणि साखळीकडचे कामगार घेऊन पहिल्या पाळीची बस मी नेहमीप्रमाणे आमोण्याचा पूल ओलांडून खांडोळ्याच्या बाजूने नेत होतो. पुढे रस्त्याच्या कडेला एक पोदेर पडलेला दिसला. कुठल्याशा वाहनाने त्याच्या सायकलला ठोकर दिली होती आणि ते वाहन निघून गेले होते. टोपलीवरचे निळे प्लास्टिक कुंपणाला जाऊन अडकले होते, पाव आणि पोळे गटाराच्या पाण्यात फुगून तरंगत होते, आणि त्या माणसाच्या मांडीतून रक्त असे वाहत होते की पावसालाही ते धुऊन नेता येत नव्हते. आमच्या आधी दोन मोटारी तिथे वेग कमी करून गेल्या. एकीच्या काचेतून मोबाइल धरलेला हात बाहेर आलेला मी स्वतः पाहिला. मी बस थांबवली. पॅकिंग विभागातल्या एका मुलीने क्षणाचाही विचार न करता आपली ओढणी त्याच्या मांडीला घट्ट आवळली, चौघांनी त्याला उचलून मागच्या लांब आसनावर निजवले, आणि मी बस कारखान्याकडे न नेता फोंड्याच्या रुग्णालयाकडे नेली. तिथे कोणी आधी पोलिसांचा कागद मागितला नाही. त्याला थेट आत घेतले आणि नंतर बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, हलवले. प्रथम उपचार, मग कागदपत्रे, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच दिलेला आहे हे मला पुढे तुमच्याकडून कळले. त्या सकाळी मला एवढेच दिसले की रुग्णालयातल्या माणसांना आपले कर्तव्य ठाऊक आहे.

कारखान्यातल्या माणसांना माझे कर्तव्य वेगळे वाटले. दुसऱ्या दिवशी मला निलंबित केले आणि नंतर आरोपपत्र हाती दिले. विनापरवानगी मार्ग बदलणे, पहिल्या पाळीला उशीर करून उत्पादनाचे नुकसान करणे, कंपनीला पोलीस प्रकरणात गोवण्याचा धोका निर्माण करणे, असे तीन आरोप होते. चौथा आरोप होता ‘वाहनाची आसने मलीन करणे’. पहिल्या तीन आरोपांना उत्तर देता आले असते. चौथा वाचून मात्र माझे हात थरथरले. ते आसन मीच रुग्णालयाच्या आवारातल्या नळावरून बादल्या भरून आणून धुतले होते. एका माणसाच्या रक्ताला कार्यालयातला कोणी सुशिक्षित गृहस्थ मळ म्हणतो, त्यावर सही करतो, शिक्का मारतो, आणि संध्याकाळी आपल्या घरी जाऊन मुलाबाळांत बसतो, हे मला आजही पचलेले नाही.

ही नोकरी माझ्यासाठी काय आहे हे आमच्या भागातल्या लोकांना वेगळे सांगायला नको. २०१८ मध्ये खाणी दुसऱ्यांदा बंद पडल्या तेव्हा मी खनिजाचा ट्रक मिळेल त्या भावाला विकला आणि या बसवर आलो. निलंबनाच्या काळात निर्वाह भत्ता म्हणून निम्मा पगार मिळतो, पण घरातली पोटे निम्मी होत नाहीत. त्यातच चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आली. माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या फळापानांचे, सामान आम्ही रानातून आणले, ते विकत घ्यावे लागले नाही. पण दर्शनाला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या नजरेत तोच प्रश्न होता, आणि ज्यांना नजरेत ठेवता आला नाही त्यांनी तो तोंडाने विचारला. तुला काय पडले होते? मागून दुसरे कोणी आले नसते का? बस तुझी होती का?

ज्यांच्याकडे मी हक्काने गेलो त्यांच्याविषयी लिहिताना मला संयम राखावा लागतो आहे. कामगार दिनाला व्यासपीठावरून मुठी आवळणाऱ्या आमच्या पुढाऱ्याने मला माफीनामा लिहून द्यायला सांगितले आणि तो मजकूर स्वतः सांगायची तयारीही दाखवली. मते मागायला अंगणात येऊन बसणाऱ्या एका गृहस्थांनी साहेबांना फोन करतो म्हणून सांगितले. तो फोन त्यांनी केलाच नाही. ज्या चौघांनी जखमी माणसाला माझ्याबरोबर उचलले त्यांतल्या तिघांनी साक्षीच्या कागदावर सही करायला नकार दिला. त्या तिघांचा मला राग नाही. ते कंत्राटी आहेत, त्यांच्या डोक्यावर कर्ज आहे, आणि ज्याची नोकरी दर सहा महिन्यांनी नव्याने लिहिली जाते त्याच्याकडून धैर्याची अपेक्षा करणे हा दुसरा अन्याय आहे. माझा राग आहे तो ज्यांचे काहीही जाणार नव्हते त्यांच्यावर. माणुसकी ठीक आहे पण नियम म्हणजे नियम, असे त्यांतल्या प्रत्येकाने मला समजावले. त्यांच्यापैकी एकानेही मला तो नियम काढून दाखवला नाही.

आणि मग तुम्ही. खरे तर आपली ओळखही नव्हती. पगार विभागाच्या खिडकीपलीकडे बसणाऱ्या ताई, एवढेच मला ठाऊक होते. चौकशीत माझ्या बाजूने बसायला एक सहकारी हवा होता आणि कोणी मिळत नव्हते, हे कानावर आल्यावर तुम्ही होऊन निरोप पाठवलात. कागदांची पिशवी घेऊन मी तुमच्या घरी आलो, सवयीप्रमाणे उभ्या उभ्याच आरोपपत्र पुढे केले आणि माझी बाजू मांडू लागलो. तुम्ही तो कागद घेतला, न वाचताच बाजूच्या स्टुलावर पालथा ठेवलात आणि विचारलेत, “तो पोदेर आता कसा आहे?”

ताई, तोवर हा प्रश्न मला कोणीही विचारला नव्हता. बस का वळवलीस, कोणाला विचारून वळवलीस, किती वाजता पोचलास, आसन कोणी भरून द्यायचे, हे सगळ्यांनी विचारले. ज्याच्यासाठी हे सारे घडले तो माणूस जगला की गेला, याची चौकशी कार्यालयात कोणी केली नाही, युनियनमध्ये नाही, आणि खोटे कशाला सांगू, आमच्या घरच्या गणपतीसमोर बसलेल्यांनीही केली नाही. तुमचा प्रश्न ऐकून माझ्या तोंडून शब्द फुटेना. मग मी सांगत सुटलो: मांडीचे हाड जोडले आहे, कुबड्या घेऊन चालतो, मूळचा उत्तर कर्नाटकातला आहे, बेकरीच्या मालकाने त्याची खोली काढून घेतली नाही, बांबोळीला मी भेटायला गेलो तेव्हा माझा हात धरून ‘देव बरें करूं’ म्हणाला. तुम्ही मध्ये एकदाही थांबवले नाहीत. सगळे ऐकून घेतल्यावरच तुम्ही तो पालथा कागद सुलटा केलात, चष्मा लावलात आणि माझ्या उत्तराचे पहिले वाक्य स्वतःच्या हाताने लिहिलेत: ‘ज्या जखमी माणसास मी रुग्णालयात पोचवले तो आज जिवंत आहे.’ इतरांनी सांगितलेली उत्तरे ‘नम्र विनंती’ आणि ‘क्षमा असावी’ यांनी सुरू होत होती. तुमचे या वाक्याने सुरू झाले. त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली, आणि तेव्हा निकाल कुठेच दृष्टिपथात नव्हता.

चौकशीचा सगळा पाढा मी इथे वाचत नाही. पण तुम्ही मांडलेली एक गोष्ट लोकांनी ऐकावी असे मला वाटते. हजेरीच्या नोंदी तुमच्याच हाताखालून जातात. त्या उघडून तुम्ही दाखवलेत की बस याआधीही उशिरा आलेली आहे: कधी चाक पंक्चर झाले म्हणून, कधी रस्त्यावर झाड पडले म्हणून, कधी पुलावर वाहने तुंबली म्हणून. तो प्रत्येक उशीर माफ झाला, चालकाला कोणी साधी विचारणाही केली नाही. टायरसाठी झालेला उशीर चालतो आणि माणसासाठी झालेला चालत नाही, असे कंपनीचे म्हणणे आहे काय, एवढेच तुम्ही शांतपणे विचारलेत. समोरच्यांना उत्तर देता आले नाही.

कायदाही तुम्हीच मला समजावून सांगितलात. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला पोलिसांनी वा रुग्णालयाने त्रास देऊ नये, या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांवर सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये शिक्कामोर्तब केले. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले आणि निःस्वार्थपणे मदत करणाऱ्याला दिवाणी व फौजदारी कारवाईपासून संरक्षण मिळाले. अपघातानंतरच्या पहिल्या तासाला सुवर्ण तास म्हणून कायद्यातच जागा मिळाली. आणि त्या तासात गंभीर जखमीला रुग्णालयात पोचवणाऱ्याला ५,००० रुपयांचे बक्षीस देण्याची योजना केंद्र सरकारने २०२१ मध्ये आणली. मग तुम्ही जे म्हणालात ते मी घरी येऊन वहीत उतरवून ठेवले आहे. हा कायदा माणसाला पोलिसांपासून वाचवतो, कोर्टापासून वाचवतो, पण त्याच्या मालकापासून वाचवण्यासाठी त्यात एक ओळही नाही, आणि आपल्याकडचा नोकरदार माणूस पोलिसांपेक्षा मालकालाच अधिक भितो. त्या सकाळी निघून गेलेल्या मोटारींतही कोणी वेळेवर कामावर पोचायच्या धास्तीत असेल, असे मला तेव्हापासून वाटते. मोबाइल धरणाऱ्या हाताला मात्र ही सबब नाही.

तुमचे स्वतःचे काय जाऊ शकत होते, याचा उच्चारही तुम्ही कधी केला नाहीत. निवृत्ती तोंडावर आली आहे, सगळा हिशेब अजून त्याच साहेबांच्या सहीने व्हायचा आहे, आणि यात तुम्ही कशाला पडता असे तुम्हाला बोलावून सुनावले गेले, हे मला शिपायाकडून समजले. नोंदी मी ठेवते, तर त्या वाचून दाखवायलाही मीच यायला हवे, असे उत्तर तुम्ही दिल्याचेही त्यानेच सांगितले. गोव्यातली माणसे भली, असे बाहेरचे लोक सहज म्हणतात, आणि वाडीवर कोणाकडे मयत असो वा लग्न, ते खरेही ठरते. पण ओळखीच्या माणसासाठी धावणे वेगळे आणि ज्याच्याशी आपला काही संबंध नाही अशासाठी आपली जागा पणाला लावणे वेगळे. ओढणी बांधणारी ती मुलगी, सही करणारा तो चौथा कामगार, खोली काढून न घेणारा बेकरीवाला आणि तुम्ही, या चौघांपैकी कोणीही भाषण करणारे नाही. भलेपणा मला तुमच्यासारख्यांतच सापडला.

आता दोन कामाच्या गोष्टी. आरोप मागे घेतले, पण ‘भविष्यात दक्षता बाळगावी’ अशी ताकीद माझ्या सेवापुस्तकात ठेवली आहे. ती काढून टाकावी असा अर्ज मी कालच दिला. मजकूर तुम्ही सांगितलात तसाच आहे, एक शब्दही मवाळ केलेला नाही. त्यासोबत तुम्ही तयार केलेला प्रस्तावही जोडला आहे: जखमीला रुग्णालयात पोचवण्यासाठी चालकाने बस वळवल्यास तो शिस्तभंग समजू नये, आणि त्या पाळीच्या कामगारांचा उशीर भरपगारी धरावा. त्यावर या वेळी बसमधल्या बहुतेकांनी सह्या केल्या आहेत, आणि आधी नकार दिलेल्या तिघांच्या सह्या सगळ्यांच्या वर आहेत. पोचपावती घेतली आहे. तिची प्रत सोमवारी तुमच्या खिडकीवर आणून देतो.

आपला ऋणी,
पहिल्या पाळीच्या बसचा चालक
सत्तरी, गोवा