सूचना : एसीच्या आउटडोअर युनिटबाबत

सर्व सभासदांना नमस्कार.

उन्हाळा तोंडावर आला आहे. नवा एसी घेणाऱ्यांनी युनिट बसवण्याआधी समितीला लेखी कळवून जागा ठरवून घ्यावी.

सर्वांत जास्त काळजी वाटते ती लोखंडी स्टँडची. दीड टनाचे युनिट साधारण ३० किलोचे असते आणि आपल्याकडे त्याखालीच मुले खेळतात. वरून रंग चांगला दिसला तरी बोल्ट आतून गंजलेले असू शकतात. जुने स्टँड या पावसाळ्याआधी तपासून घ्याच. बोल्ट नुसत्या गिलाव्यात नकोत, पक्क्या भिंतीत किंवा काँक्रीटमध्ये हवेत. सेफ्टी बेल्टशिवाय कोणत्याही मेकॅनिकला खिडकीबाहेर उतरू देऊ नका. मागच्या वर्षी एक पोरगा नुसत्या छज्ज्यावर उभा राहून काम करत होता, तेव्हा पाहणाऱ्यांचा जीव टांगणीला लागला होता.

युनिटसमोर कुंड्या किंवा पत्रा लावू नका. बाहेर फेकलेली गरम हवाच परत आत ओढली जाते, कॉम्प्रेसर तापतो आणि बिल वाढते. मागची जाळी मेन स्विच बंद करून मऊ ब्रशने स्वच्छ करा. प्रेशरचे पाणी मारल्यास ॲल्युमिनियमच्या पट्ट्या वाकतात.

नव्या जोडणीत पाइपमधील हवा व्हॅक्यूम पंपानेच काढून घ्या. एसीतलाच गॅस सोडून हवा बाहेर ढकलू देऊ नका, कारण अनेक नव्या एसींमध्ये थंडाव्यासाठी भरलेला आर-३२ गॅस पेट घेऊ शकतो.

ड्रेन पाइप खालच्यांच्या छज्ज्यावर सोडू नये. हॉट अँड कोल्ड एसी असलेल्यांनी लक्षात घ्यावे, की थंडीत खोली गरम करताना पाणी बाहेरच्या युनिटमधून गळते. त्यालाही पाइप लावावा.

– सचिव, व्यवस्थापन समिती