'नाताळ' हे 'ख्रिसमस'चे भाषांतर नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर लागला की पुरवण्यांमधून 'ख्रिसमस अर्थात नाताळ' अशी चौकट येते आणि दोन्ही शब्दांची व्युत्पत्ती एका वाक्यात उरकली जाते. सण एकच असला, तरी हे शब्द वेगवेगळ्या वाटांनी आले आहेत आणि त्यांचे अर्थही निराळे आहेत.

'नाताळ' हा पोर्तुगीज 'नाताल'वरून आलेला. त्याचे मूळ लॅटिन 'नातालिस', म्हणजे जन्माचा दिवस. गोवा, चौल, वसई या किनारपट्टीवर तो पोर्तुगीजांबरोबर उतरला आणि मराठीत शेवटच्या 'ल'चा 'ळ' झाला. गुजरातीत तो 'नाताल'च राहिला. सिंहलीतला 'नत्तल' आणि इंडोनेशियातला 'नाताल' हेही त्याच गलबतांतून गेलेले. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताल प्रांताचे (आताचा क्वाझुलू-नाताल) नावही वास्को द गामाच्या १४९७च्या सफरीतले, नाताळात तो किनारा दिसला म्हणून पडलेले.

'ख्रिसमस' जुन्या इंग्रजीतला. १०३८च्या सुमारास तो लेखी सापडतो. अर्थ 'ख्रिस्ताची मिस्सा'. त्यातला 'मस' म्हणजे महिना नव्हे. आपल्याकडचे कॅथलिक ज्या उपासनेला मिस्सा म्हणतात, तीच ही. लॅटिन उपासनेच्या शेवटी धर्मगुरू 'ईते, मिस्सा एस्त' म्हणत, म्हणजे 'जा, आता निरोप'. त्या निरोपाच्या शब्दावरून अख्ख्या विधीलाच नाव पडले. इंग्लंडमधल्या प्युरिटनांना, म्हणजे कॅथलिक प्रथा नको असलेल्या कडव्या प्रॉटेस्टंटांना, नेमके हेच शेपूट खटकत होते. कॅथलिक विधीचा उल्लेख टाळायला त्यांनी 'ख्राइस्टटाइड' हा शब्द पुढे केला आणि १६४७ मध्ये तिथल्या संसदेने हा सण साजरा करण्यावरच बंदी घातली. मराठी प्रॉटेस्टंट मात्र खुशाल नाताळ म्हणतात. या शब्दात मिस्सा नाहीच, तर भांडायचे कशावरून?

'एक्समस' या रूपात ख्रिस्ताचे नाव खोडले, असे संदेश दरवर्षी फिरतात. तो 'एक्स' म्हणजे ग्रीक 'खी' हे अक्षर, 'ख्रिस्तोस'चे आद्याक्षर. हे संक्षिप्त रूप वापरणारे जुने लेखनिक चांगले श्रद्धाळू होते.

आता 'नातालिस'कडे पुन्हा येतो, कारण खरी गंमत तिथे आहे. हुतात्म्यांच्या बाबतीत चर्च हा शब्द मृत्युदिनासाठी वापरते. स्वर्गातला जन्म, म्हणून. खऱ्याखुऱ्या जन्माचे सण रोमन कॅथलिक चर्चच्या पंचांगात तीनच: ख्रिस्ताचा, त्याची आई मारिया हिचा (८ सप्टेंबर, वांद्र्याच्या मोतमाऊलीची जत्रा याच सणाची) आणि बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा (२४ जून, गोव्यातला सांजाव). लूकच्या शुभवर्तमानानुसार योहान ख्रिस्तापेक्षा सहा महिन्यांनी मोठा. मग २५ जून का नाही? प्राचीन रोमन लोक महिन्याच्या उत्तरार्धातली तारीख पुढच्या महिन्याच्या पहिलीपासून उलटी मोजत आणि ती पहिलीही मोजणीत धरत. जानेवारीच्या पहिलीपासून मागे आठवा दिवस २५ डिसेंबर येतो, कारण डिसेंबर ३१ दिवसांचा. जुलैच्या पहिलीपासून आठवा दिवस २४ जून, कारण जून ३० चा. एप्रिलच्या पहिलीपासून तसेच मोजले की २५ मार्च, म्हणजे मारियेला देवदूताचा निरोप मिळाल्याचा सण, नाताळच्या बरोबर नऊ महिने आधी.

'सूर्याचा सण उचलून नाताळ केला' हे वाक्य मात्र सिद्ध झाल्यासारखे छापू नये. ३५४ सालच्या एकाच रोमन संग्रहात २५ डिसेंबरला अजिंक्य सूर्याचा 'नातालिस' आहे आणि ख्रिस्तजन्मही आहे. तारीख सूर्यपूजेवरून आली की २५ मार्चला नऊ महिने जोडून, यावर अभ्यासकांत आजही दोन तट आहेत.

जानेवारीत 'रशियात ७ तारखेला नाताळ' अशी बातमी असते, तिथेही एक ओळ वाढवावी. रशियन चर्चच्या लेखी तो दिवस २५ डिसेंबरच असतो. त्यांचे ज्युलियन पंचांग सध्या १३ दिवस मागे आहे. इ.स. २१०० नंतर हे अंतर १४ दिवसांचे होईल, म्हणजे आपल्या हिशेबाने तो सण ८ जानेवारीला जाईल. आर्मेनियन चर्चचा ६ जानेवारी वेगळा; तिथे ख्रिस्तजन्म आणि बाप्तिस्मा हे एकाच दिवशी पाळण्याची जुनी रीत टिकली आहे. या दोन तारखांना एकच कारण जोडू नये, एवढी विनंती.

— दोन वाचक, वसई