चि. दत्तास, इंफाळला

२८ जून २०२३

चि. दत्तास अनेक आशीर्वाद.

तिकडं नेट बंद, आणि फोनवर तू धड बोलत नाहीस, म्हणून पत्र. "बारा जण धरले होते अण्णा, आणि सोडून द्यावे लागले," एवढं बोललास नि फोन ठेवलास. तुझ्या आवाजातला राग शनिवारपासून माझ्या कानातून जात नाही.

इंफाळजवळच्या त्या इथाम गावची बातमी मी दोनदा वाचली. त्यांना सोडवायला बाराशे-पंधराशेचा जमाव, पुढं बाया. धरलेल्या अतिरेक्यांत २०१५ च्या चांदेल हल्ल्यातला एक संशयित. त्या हल्ल्यात डोगरा पलटणीचे १८ जवान गेले. राग मलाही आला, लपवत नाही. पण हत्यारं ताब्यात घेऊन आपली माणसं परतली आणि गोळीबार झाला नाही. सोडण्याचा हुकूम देणाऱ्या साहेबाला मी मनातून सॅल्यूट केला. त्याला कुणी भेकड म्हणत असेल तर तू त्यात सामील होऊ नकोस.

उपदेश करायचा नाही असं ठरवून बसलो होतो. राहवत नाही, माफ कर.

नागालँडमधलं ओटिंग आठव. ४ डिसेंबर २०२१. कोळशाच्या खाणीतून घरी निघालेले सहा मजूर, अतिरेकी समजून आपल्याच जवानांकडून मारले गेले. मग गाव खवळलं, आणखी माणसं गेली, आपला एक जवानही गेला. सुप्रीम कोर्टानं तर २०१६ सालीच बजावलं होतं की अशांत भागातसुद्धा वाजवीपेक्षा जास्त बळ वापरता येणार नाही. कायदा तुला माझ्यापेक्षा जास्त शिकवलाय. मला भीती तुझ्या रागाची आहे.

मी तिकडं मणिपुरात होतो तेव्हाची एक रात्र तुला कधी सांगितली नाही. एका पोराला गाडीत घातलं आणि कुणीतरी विजेच्या खांबावर दगड आपटायला लागलं. ठण् ठण् ठण्. पुढच्या खांबावरून तसाच आवाज. बघता बघता मशाली घेतलेल्या बायांनी रस्ता भरला. मैरा पाइबी म्हणतात त्यांना, मशालवाल्या बाया. एका म्हातारीनं माझ्या रायफलची नळी दोन्ही हातांनी धरली. माझं बोट ट्रिगरवर होतं, दत्ता. सुभेदारसाहेब मागून हळूच म्हणाले, "बोट बाहेर." तिचे हात कामानं भेगाळलेले, थेट तुझ्या आजीसारखे. तिकडं आईला इमा म्हणतात, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

तुझ्या आईला यातलं काही माहीत नाही. उद्या आषाढी, उपास धरून ती तुझ्यासाठी देवापुढं बसेल. तू वर्दीत पहिल्यांदा आलास तो फोटो तिनं पुसून पुन्हा टांगलाय. मीही येता-जाता बघतो. गावात कुणी विचारलं की छाती फुगतेच.

टाकळीच्या मामांचं ऑपरेशन नीट झालं. शेवंती व्याली, कालवड आहे. रजेचं काय ते कळव.

रविवारी फोन करशील तेव्हा आधी आईशी बोल. मग मला दे, आणि जरा वेळ बोल. काही सांगू नकोस हवं तर. आवाज ऐकला की मला कळेल. बोट बाहेर ठेव, बाळा.

तुझे,
अण्णा