आईच्या रिपोर्टचा दुसरा कागद

लेस्टर (इंग्लंड), ५ जुलै

ती. आईस,
शि. सा. न.

पावसात देवगडला रेंज धड नसते. निम्मं बोलणं तुटतं आणि उरलेल्या निम्म्यात तू "जेवलीस काय गो" एवढंच विचारतेस. म्हणून सगळं लिहून पाठवते आहे. दादाला प्रिंट काढून द्यायला सांग आणि डॉक्टरांकडे जाताना हे पत्र पिशवीत ठेव.

परवा तू फोनवर रडलीस ते माझ्या मनातून जात नाही. वर्षभर जीभ मारली, भात अर्ध्यावर आणला, आंब्याच्या दिवसांत घरात पेट्या भरलेल्या असताना दोन फोडींवर हात आखडलास, आणि एचबीएवनसी, म्हणजे साखरेचा तीन महिन्यांचा आकडा, ६.७ वरून ७.३ वर गेलं. तुला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. आई, मला तसं वाटत नाही. का ते सांगते.

दादाने आधी एकच कागद पाठवला होता, साखरेचा. मी हट्टाने दुसराही मागवला, त्याच दिवशीच्या रक्ताचा, सीबीसीचा, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या मोजणीचा. त्यावर तुझं हिमोग्लोबिन ९.४ आहे. बायकांचं १२ च्या खाली गेलं की पंडुरोग धरतात. खालच्या ओळीत एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचा आकार, ६६ आहे, ते ८० ते १०० हवं. म्हणजे नुसतं हिमोग्लोबिनच कमी नाही, तुझ्या तांबड्या पेशी आकारानेही बारक्या झाल्या आहेत. हे बहुतेक वेळा लोह कमी पडल्याने होतं. आणि लोह कमी असलं की साखर न वाढताही एचबीएवनसी वर जाऊ शकतं.

ते कसं, हे तुला होडीवरून सांगते. पावसाळ्यापूर्वी होड्या वर ओढल्या की बुडाला शेवाळ नि कालवं धरलेली दिसतात, आणि जी होडी जास्त दिवस पाण्यात होती तिला जास्त. तांबडी पेशी साधारण १२० दिवस रक्तात असते आणि तेवढ्या काळात तिच्या हिमोग्लोबिनला साखर चिकटत राहते. शेकडा किती हिमोग्लोबिनला चिकटली, हा एचबीएवनसीचा आकडा. म्हणून त्याला तीन महिन्यांचा हिशोब म्हणतात, आणि म्हणूनच त्यासाठी उपाशी जावं लागत नाही. आता लोहच नाही म्हटल्यावर नव्या पेशी कमी तयार होतात आणि रक्तात जुन्यांचाच भरणा राहतो. जुन्या पेशींना साखर जास्त दिवस चिकटलेली. पाणी तेच, पण होड्या जुन्या.

माझी खात्री पटली ती मात्र तुझ्या कालनिर्णयामुळे. दुधाच्या हिशोबाशेजारी तू मशीनवरचे आकडे लिहितेस त्या सगळ्या पानांचे फोटो दादाने काढून पाठवले. मी रात्री बसून ते वहीत उतरवले. सकाळी उपाशीपोटी १०२, ११०, १०७; जेवणानंतर दोन तासांनी १३८, १४५, १५०. ७.३ चा अर्थ दिवसरात्रीची सरासरी १६३ च्या आसपास. तुझी सरासरी येते १२५ च्या जवळ, म्हणजे ६ च्या आसपास. लॅबचे त्याच सकाळचे आकडेही तुझ्याच बाजूने आहेत: उपाशीपोटी १०९, नंतरची १४८. कालनिर्णय एक सांगतंय आणि रिपोर्टवरचा एचबीएवनसीचा लाल आकडा दुसरंच, असं दिसलं की दोन्ही तपासायचे असतात.

मे महिन्यात एका चौकोनात २१४ लिहून तू त्याला गोल केला आहेस आणि खाली बारीक अक्षरात "हात धुऊन १३१". त्या दिवशी रायवळ पिळून रस काढला होतास ना? बोटाला लागलेला रस पट्टीवर गेला. तू घाबरली नाहीस, हात धुऊन परत बघितलंस. इथे शिकलेल्या माणसांनाही हे सुचत नाही, आई.

तुझ्या आकड्यांतून मला आणखी एक दिसलं. नाचणीची पातळ आंबील घेतलीस त्या दिवशी १७८, आणि तीच नाचणी भाकरी होऊन बांगड्याच्या तिखल्याबरोबर पोटात गेली तेव्हा १४२. नाचणीत पिष्ट काही तांदळापेक्षा फार कमी नसतं. बारीक दळून पातळ शिजवली की लवकर पचते आणि साखर लवकर चढते; पेजेचंही तेच. भाकरी, सोबत मासा नाहीतर कुळथाची पिठी, आधी भाजी मग भात, हे तुझं चाललंय तेच चालू दे.

एक शंका मात्र मला सोडायची नाही. तू ठरावीक वेळीच बघतेस, मधले चढउतार सुटत असतील. म्हणून तीन दिवस तिन्ही जेवणांच्या आधी, नंतर दोन तासांनी आणि झोपताना बघ. पट्ट्या महाग पडतात म्हणशील, दादाला पैसे पाठवले आहेत. त्या तीन दिवसांत वेगळं काही खाऊ नकोस, रोजचंच खा.

आता जे तू मला सांगितलं नाहीस त्याबद्दल. वहिनीकडून कळलं की गेलं दीड वर्ष तुझी पाळी आठ-आठ, नऊ-नऊ दिवस चालते आणि अंगावरून फार जातं. पन्नाशीला असंच असतं म्हणून तू गप्प राहिलीस. मागच्या डिसेंबरात आले होते तेव्हा तू सुपात तांदूळ निवडता निवडता चिमूट चिमूट तोंडात टाकत होतीस, आणि मी बघितल्यावर चोरी पकडल्यासारखी हसलीस. मी तुला भातावरून बोलले. मला तेव्हाच समजायला हवं होतं. कच्चे तांदूळ, माती, खडू खावासा वाटणं ही लोह कमी झाल्याची खूण असते. बंदरावरून घाटी चढताना तू दोनदा टेकलीस, तेही त्यातलंच. आई, त्या दिवशी बोलले त्याची मला आज लाज वाटते.

डायबेटिस नाहीच, असं मी म्हणत नाही. गेल्या वर्षी उपाशीपोटीची साखर दोनदा आली होती, १३४ आणि १३०. १२६ किंवा त्याहून जास्त दोनदा आली की तो धरतात. डॉक्टरांनी साखरेच्या गोळीचं सांगितलं ते समोरच्या कागदावरून सांगितलं, आणि लागलीच गोळी तर घ्यायचीच, त्यात कमीपणा नाही. पण आधी हे दोन्ही कागद आणि कालनिर्णय एकत्र त्यांच्यापुढे ठेव आणि विचार: "लोह कमी असल्यामुळे हा आकडा वर दिसतोय का?" फेरिटिनची तपासणी करून घ्या, लोहाचा साठा त्यात कळतो. क्वचित थॅलेसेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक दोषाच्या, अंशानेही पेशी बारक्या असतात, तेही त्यातून उलगडू लागेल. फ्रुक्टोसामिन होत असेल तर तेही विचार. त्यात गेल्या दोन-तीन आठवड्यांची साखर कळते आणि त्याचा तांबड्या पेशींशी संबंध नसतो. आणि कणकवलीला बाईंना दाखव, स्त्रीरोगवाल्या. गर्भाशयात गाठी असतील, थायरॉईड असेल, कारण शोधल्याशिवाय नुसत्या लोहाच्या गोळ्या म्हणजे भोक पडलेल्या कळशीत पाणी.

लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की चहा आणि दुधापासून लांब घे, लिंबूपाण्याबरोबर घेतलीस तर बरं. जेवल्याजेवल्या चहा पितेस तो तासभर पुढे ढकल, चहाने अन्नातलं लोह अंगी लागत नाही. शौचाला काळं होईल, भिऊ नकोस. मासेमारीची बंदी उठेल तेव्हा श्रावण लागलेला असेल. तू पाळणारच, मी पाळू नको म्हणणार नाही. तेवढे दिवस उसळींवर लिंबू पिळत जा.

आणि लोह भरू लागलं की नव्या पेशी भराभर येतील, मग एचबीएवनसी आपोआप खाली दिसेल. तेव्हा साखर सुटली असं समजून हात सैल सोडू नका. हिमोग्लोबिन स्थिर झाल्यावर तीन महिन्यांनी जे येईल ते खरं धरायचं. इथले रिपोर्ट वेगळ्या मापात असतात, तुझं ७.३ इथे ५६ लिहितील, म्हणून माझ्या रिपोर्टवरचे मागचे आकडे बघून घाबरू नकोस.

बाबांना तुझ्याबरोबर डॉक्टरांकडे आत येऊन बसायला सांग, बाहेर बाकावर नको. सीबीसीचा कागद फ्रीजवर डब्याखाली आहे, दादाने फोटो काढून तिथेच ठेवलाय. सोमवारी जा. मी त्या दिवशी सुट्टी घेतली आहे, फोन हातात धरून असेन.

तुझी
बाय