गिटारची खुर्ची

पुणे,
रविवार, रात्र

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार वि. वि.

तुझे पत्र पोहोचले. ‘वसतिगृहावर ऐकलेल्या कॅसेटमध्ये आणि परवा ऐकलेल्या “सिल्व्हर” आल्बममध्ये मला काडीचाही फरक जाणवला नाही, फोरप्ले एकदा ऐकले की सगळे ऐकून झाले,’ असे तू लिहिले आहेस. फोरप्ले या अमेरिकन जॅझ-चौकडीविषयीच्या त्या वाक्याने दोन दिवस मला स्वस्थ बसू दिले नाही. तुझ्या कानांवर माझा विश्वास आहे, म्हणूनच सविस्तर लिहायला बसलो आहे.

ती कॅसेट ‘बिटवीन द शीट्स’ची होती, १९९३ सालच्या आल्बमची. माझ्या टेपरेकॉर्डरने तिची फीत ओढून घेतली होती आणि आपण दोघांनी पेन्सिलीने ती पुन्हा गुंडाळली, हे तुला आठवत असेलच. एका जागी फितीवर सुरकुती राहिली आणि तिथे दर वेळी बास क्षणभर पाण्यात बुडाल्यासारखा होई. आज तोच आल्बम स्वच्छ ऐकू येतो, तरी ती जागा जवळ आली की माझा श्वास नकळत रोखला जातो.

मुळात ही मंडळी जमली पियानोवादक बॉब जेम्समुळे. १९९० साली निघालेल्या ‘ग्रँड पियानो कॅनियन’ या त्याच्या आल्बमसाठी गिटारवादक ली रिटेनॉर, नेथन ईस्ट आणि हार्वी मेसन एकत्र वाजवायला बसले, आणि ते वाजवणे चौघांना इतके मानवले की त्यातूनच फोरप्ले उभे राहिले. तेव्हा चौघेही आपापल्या जागी नावाजलेले होते. मेसनने १९७३ साली जॅझ पियानोवादक हर्बी हॅनकॉकच्या ‘हेड हंटर्स’ या आल्बमवर ड्रम वाजवले होते, आणि ईस्ट रॉक गिटारवादक एरिक क्लॅप्टनच्या साथीला बास वाजवत असे. १९९१ चा त्यांचा ‘फोरप्ले’ याच नावाचा पहिला आल्बम बिलबोर्ड या अमेरिकन संगीत-नियतकालिकाच्या समकालीन जॅझच्या यादीत ३३ आठवडे पहिल्या क्रमांकावर होता. पियानो, बास आणि ड्रम ही तीन आसने तेव्हापासून ‘सिल्व्हर’पर्यंत हलली नाहीत. हलली ती फक्त गिटारची खुर्ची, आणि तुला जे एकसारखेपण जाणवते ते या तिघांचे आहे. ईस्ट बासवर वाजणारे सूर शब्दांविना तोंडानेही गातो. ते एकदा कानात बसले की कोणताही आल्बम ओळखीचाच वाटतो.

आता खुर्चीकडे वळतो. ‘फोरप्ले’, ‘बिटवीन द शीट्स’ आणि १९९५ चा ‘एलिक्सर’ हे तीन आल्बम रिटेनॉरचे. त्याची बोटे चपळ आणि सूर कोरडा, नीटनेटका. तो पियानोच्या वाक्यात वाक्य मिसळतो, आणि पुष्कळदा मेलडी कोण वाजवत आहे हे चार मात्रा गेल्यावर लक्षात येते. ‘एलिक्सर’वर फिल कॉलिन्स, पॅटी ऑस्टिन, पीबो ब्रायसन असे मोठे गायक आहेत, पण मला त्या रचना फारशा रुचत नाहीत, कारण गायक आला की चौघेही अदबीने मागे सरकतात.

रिटेनॉर स्वतःच्या रेकॉर्ड कंपनीच्या कामासाठी बाहेर पडला आणि १९९८ च्या ‘४’ या आल्बमपासून लॅरी कार्ल्टन आला. इथे तू थांबून ऐकावेस अशी माझी कळकळीची विनंती आहे. कार्ल्टन ब्लूजमधून आलेला. तो तार ओढून सूर वर नेतो तेव्हा आपल्याला मींडेचीच आठवण होते, आणि सूर ठिकाणावर पोहोचल्यावरही तो लगेच सोडत नाही, त्याला थोडे कंपन देत धरून ठेवतो. १९८८ साली एका अनोळखी हल्लेखोराने झाडलेली गोळी त्याच्या गळ्याला लागली होती आणि त्याच्या स्वरतंतूंना इजा झाली होती. हे कळल्यापासून त्याच्या गिटारचे ते गळ्यातून निघाल्यासारखे सूर मला वेगळ्याच कानांनी ऐकू येतात. ‘एनर्जी’पर्यंत सात आल्बम तो या खुर्चीवर होता. त्यातला ‘स्नोबाउंड’ नाताळच्या गाण्यांचा आहे, तो तू सोडलास तरी चालेल; ‘हार्टफेल्ट’ मात्र सोडू नकोस. इथे पियानो कमी बोलतो आणि गिटारला भरपूर जागा देतो. जेम्सचा हा संयम मला फार मोठा वाटतो. गायकाची जागा दिसली की हात आखडता घेणारा आपला एखादा जाणता हार्मोनियमवादक असेच करतो.

२०१० च्या ‘लेट्स टच द स्काय’पासून चक लोब आला. तो न्यूयॉर्कच्या वळणाचा. तरुणपणी सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झच्या वाद्यवृंदात वाजवलेला. स्वरसंगती बदलताना तो प्रत्येक वळणावर नवी ओळ काढतो, म्हणून त्याच्या काळात मेसनचे ड्रमही मला अधिक जागे वाटतात. त्याच्या वाट्याला तीनच आल्बम आले. २०१७ च्या जुलैत, वयाच्या ६१ व्या वर्षी, कर्करोगाने तो गेला.

आणि आता तुझ्या पत्रातल्या वाक्याकडे पुन्हा येतो. २०१५ चा ‘सिल्व्हर’ हा पंचविसाव्या वर्षाचा आल्बम. त्यावर खुर्ची लोबची आहे, पण रिटेनॉर आणि कार्ल्टन दोघेही पाहुणे म्हणून वाजवून गेले आहेत. म्हणजे त्या कॅसेटमधला माणूस तुला तिथे खरोखरच भेटला होता, आणि तुझे कान फसले नव्हते. आता एक कर: रात्री निवांतपणे, श्रेयनामावली न पाहता, तोच आल्बम पुन्हा लाव आणि कोणत्या रचनेत कोणाची गिटार आहे ते कागदावर टिपून मला पाठव. मीही इथे माझा कागद तयार ठेवतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
जुना खोलीसोबती