डॉक्टर, व्हायरल लिहून द्या!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळेतल्या गैरहजेरीचा विषय निघाला की पालक बोलतात, मुख्याध्यापक बोलतात, शिक्षण खातं परिपत्रक काढतं. पण ज्याच्या शिक्क्यावाचून यातलं पान हलत नाही, त्या फॅमिली डॉक्टरला कुणी विचारत नाही. म्हणून हे पत्र.

बऱ्याच शाळांच्या डायरीत एक नियम छापलेला असतो : दोन दिवसांपेक्षा जास्त गैरहजेरी असल्यास मेडिकल सर्टिफिकेट जोडावे. कारण काहीही असो, कागद डॉक्टरचाच हवा. त्यामुळे दिवाळीची सुट्टी संपली की आणि पुढे लग्नसराईत माझ्या दवाखान्यात ठणठणीत मुलांची रांग लागते. कुणाच्या मामाचं लग्न असतं, कुणाला परतीचं रिझर्व्हेशन मिळालेलं नसतं, कुणाची आजी गेलेली असते. हो, आजी गेली तरी सर्टिफिकेट तापाचंच लागतं!

अशीच एक चौथीतली मुलगी समोरच्या स्टुलावर येऊन बसली. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत मेंदी, रंग अजून गडद. आई म्हणाली, "टायफॉइड नको, मग रिपोर्ट मागतात. व्हायरल लिहा." मुलीनं दोन्ही हात हळूच फ्रॉकखाली सारले. तसं करायला तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आता माझ्या बाजूचे नियम ऐका. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे दिलेल्या प्रत्येक सर्टिफिकेटची नोंद रजिस्टरमध्ये करायची, त्याची प्रत ठेवायची, रुग्णाची सही किंवा अंगठा घ्यायचा, पत्ता लिहायचा आणि अंगावरची निदान एक ओळखखूण टिपून ठेवायची. सर्टिफिकेट खोटं निघालं तर डॉक्टरचं नाव नोंदणीतून काढलं जाऊ शकतं. म्हणजे मामाच्या लग्नात नाचून आलेल्या मुलीच्या हनुवटीवरचा तीळ शोधायचा आणि त्या तिळाखातर स्वतःची डिग्री पणाला लावायची. मी नाही म्हणतो. नाही म्हटल्यावर कुणी भांडत बसत नाही. "बरं" म्हणून उठतात आणि संध्याकाळपर्यंत कुठून तरी कागद पैदा करतात. पुढच्या खऱ्या तापालाही मग तिकडेच जातात, पण तो माझ्या धंद्याचा प्रश्न झाला.

या सगळ्याच्या मागे 75 टक्क्यांचा बागुलबुवा असतो. दहावी-बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेला बसायचं तर 75 टक्के हजेरी लागते, हे खरं आहे. पण तिसरीतल्या पोराला त्याचा धाक कशाला? शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीची शाळा वर्षाला किमान 200 दिवस आणि सहावी ते आठवीची 220 दिवस भरली पाहिजे. 220 चे 75 टक्के म्हणजे 165. मधले 55 दिवस उरतात, त्यात बरीच लग्नं बसतात. शिवाय याच कायद्याच्या सोळाव्या कलमाप्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. तरीही पालक घाबरतात, कारण तो कायदा कुणी वाचलेला नसतो, वाचलेली असते ती डायरी.

आमच्या घरात शिक्षिका आहे, त्यामुळे दुसरी बाजू मला रोज जेवताना ऐकायला मिळते. शनिवार-रविवारला जोडून एखादी सुट्टी आली की आदल्या दिवशी अर्धा वर्ग रिकामा असतो. धडा दोनदा घ्यावा लागतो, आणि वरून तपासणी आली की "ही मुलं कुठं आहेत?" हा प्रश्न तिलाच येतो. "तुमची चिठ्ठी फाइलला असली की आम्ही सुटतो," असं ती सरळ सांगते. तिचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. पण चिठ्ठीनं फाइल सुटते. धडा दोनदा घ्यायचा तो घ्यावाच लागतो.

डॉक्टर म्हणून मला खरी काळजी वेगळीच आहे. खोट्या तापांच्या ढिगात खरी गैरहजेरी हरवून जाते. सहावीतला एक मुलगा वारंवार पोटदुखीनं घरी राहायचा. शाळेच्या फाइलला त्याची सर्टिफिकेटं व्यवस्थित लावलेली होती, वेगवेगळ्या दवाखान्यांची, कुठं 'गॅस्ट्रायटिस', कुठं 'व्हायरल'. आई माझ्याकडे घेऊन आली तेव्हा पोट मऊ, वजन ठीक, भूक चांगली. फक्त दुखणं सकाळी उठायचं आणि शाळेची बस निघून गेली की थांबायचं. रविवारी कधीच नाही. आईला बाहेर बसवून विचारलं तर बराच वेळ टेबलावरच्या स्टेथोस्कोपची नळी गुंडाळत बसला. मग कळलं, बसच्या मागच्या सीटवरची मोठी मुलं त्याला छळायची. कुणी नुसता हजेरीपट समोर ठेवून वार मोजले असते तरी काहीतरी गडबड आहे हे दिसलं असतं. पण कागद जोडलेला होता, म्हणून कुणी पाहिलंच नाही. मुलींच्या बाबतीतही हेच. दर महिन्याला एक दिवस 'पोटदुखी' असते आणि शाळेत धड स्वच्छतागृह आहे का, हा प्रश्न त्या शब्दाआड झाकून जातो.

उलट्या टोकाला आहे शंभर टक्के हजेरीचं बक्षीस. या बक्षिसावर माझा मनापासून राग आहे. त्याच्यापायी सकाळी पॅरासिटामॉल पाजून मुलाला रिक्षात बसवतात आणि अकराला औषधाचा असर उतरला की शाळेतून फोन येतो, "ताप आहे, घेऊन जा." 2023 च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ आली होती, तेव्हा गॉगल लावून वर्गात बसलेली मुलं आपण सगळ्यांनी पाहिली. कांजिण्यांत पुरळ उठायच्या एक-दोन दिवस आधीपासून सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत संसर्ग पसरतो. गोवरात पुरळ उठल्यावर चार दिवस आणि गालगुंडात सूज आल्यावर पाच दिवस मुलाला घरी ठेवायलाच हवं. अशा वेळी घरी राहणारं मूल बाकीच्या वर्गावर उपकार करत असतं, आणि स्टेजवर टाळ्या मिळतात त्या न राहणाऱ्याला.

थॅलेसेमियाच्या मुलांचं तर विचारू नका. दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, म्हणजे त्या दिवशी शाळा बुडणारच. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल आहेत. तरी काही शाळा दर खेपेला नवं सर्टिफिकेट मागतात. आजार जन्माचा, कागद मात्र महिन्याचा! वर्षाच्या सुरुवातीला एकच कागद घ्या आणि त्या आईबापांना मोकळं करा.

बाहेर कसं चालतं म्हणून सांगतो. इंग्लंडमध्ये सत्र चालू असताना परवानगीशिवाय मुलाला फिरायला नेलं तर पालकांना दंड होतो, आणि 2024 पासून तो 80 पौंड आहे. मला तो दंडही पटत नाही. गरीब आईबापांना तो जड जातो, श्रीमंत तिकिटाच्या पैशांत धरून टाकतात. पण निदान तिथं मुलाच्या साध्या आजारपणासाठी ऊठसूट डॉक्टरचा कागद मागू नये, असं शाळांना सांगितलेलं आहे.

एक दिवसाच्या साध्या तापाला पाणी, विश्रांती आणि आईबापांचं लक्ष पुरतं. केवळ कागदासाठी त्या मुलाला माझ्या वेटिंग रूममध्ये खोकणाऱ्यांच्या शेजारी तासभर बसवण्यात कुणाचंच भलं नाही. सलग आठवडाभर किंवा वरचेवर दांड्या पडल्या, साथीचा आजार असला, तर जरूर माझ्याकडे पाठवा. शाळेला काय हवं ते मी सहीशिक्क्यानिशी लिहून देईन. बाकीच्या वेळी पालकांनी स्वतःच्या अक्षरात खरं कारण लिहावं आणि शाळेनं ते वाचावं. 'घरगुती कारण' असा रकाना हजेरीत ठेवला आणि तो भरल्याबद्दल मुलाला वर्गात उभं केलं नाही, तर निम्मी रांग माझ्या दारातून हटेल.

पुढच्या वर्षाच्या डायऱ्या उन्हाळ्याच्या सुट्टीत छापायला जातात. मुख्याध्यापकांना विनंती, त्याआधी ती एक ओळ बदला : "पाच दिवसांपर्यंतच्या गैरहजेरीसाठी पालकांची सही असलेली चिठ्ठी पुरेशी आहे."

आपला,
एक फॅमिली डॉक्टर
(कृपया नाव छापू नये. पत्नीची शाळाही याच गावात आहे.)